अक्काचं स्टेशन

अक्काचं लग्न झालं तेव्हा धाराशिवला रेल्वे नव्हती. छोटी गाडी येडशीवरनं जायची, त्यामुळं उमरग्यात दिलेली मी आणि धाराशिवात दिलेली माझी थोरली बहीण, दोघी सारख्याच. मग मोठा रूळ आला आणि वळसा घेऊन नेमका तिच्या गावाला गेला. उमरग्याला अजून एसटीच आहे.

आई लातूरहून पुण्याला भावाकडं निघाली की अक्का धपाटे घेऊन स्टेशनवर उभी. मग मला फोनवर सगळं ऐकवायची. तिकीटखिडकी ओलांडायची, पुलाखालून डावीकडं जायचं, पाण्याच्या नळापासून तिसरा खांब. आईची बोगी तिथंच लागते. स्टेशन जणू तिच्या सासऱ्यानंच बांधलंय.

गेल्या महिन्यात आई निघाल्याचं मला आधी कळलं. अक्काला मी कळवते, असं आईला सांगितलं आणि कळवलं नाही. पहाटेच्या एसटीनं गेले, शेंगापोळ्या घेऊन तिसऱ्या खांबाशी उभी राहिले. बोगी बरोबर तिथंच लागली, याचाही मला राग आला.

आईनं खिडकीतून पोळ्या घेतल्या आणि गाडी हलेपर्यंत माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिली.

"अक्काला बरं न्हाय का?" तिनं विचारलं.