सात फुटी खेळाडूचा करार, नंदूची सही

लोक उन्हाळ्यात थंड हवेला जातात. मी जुलैत कुवेतला गेले. माझी अक्कल गहाण पडलीय असं शेजारणीनं गल्लीभर सांगितलं होतं, आणि विमानतळाचं काचेचं दार उघडलं तेव्हा तिचं म्हणणं मला आयुष्यात पहिल्यांदा पटलं. पेटत्या चुलीसमोर वाकल्यावर लागते तशी झळ तोंडावर आली. समोर नंदू उभा. माझा धाकटा भाऊ, अठरा वर्षं कुवेतमध्ये, एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन. पाया पडला, बॅग उचलली आणि पहिलं वाक्य काय बोलावं त्यानं?

“ताई, आमचा सेंटर गेला गं!”

“कोण? कुठे गेला?”

“सात फुटाचा! दुसऱ्या टीमनं उचलला.”

मी तेहतीस वर्षं सांगलीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते आणि बास्केटबॉलच्या मैदानावरच म्हातारी झाले. सेंटर म्हणजे बास्केटखाली खेळणारा सगळ्यात उंच गडी, हे मला शिकवायला नको. पण नंदूची टीम अमेरिकेतली. तिचं नाव लिहीत नाही, बिचारीची आधीच पुरेशी शोभा झालीय. जुलैत तिकडे ‘फ्री एजन्सी’ नावाचा हंगाम असतो (करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि हव्या त्या टीमशी नवा करार करतात). या दिवसांत सामना नसतो, चेंडू जमिनीला लागत नाही, नुसत्या सह्या होतात. आणि त्या सह्यांपायी पंचेचाळीस वर्षांचा माझा भाऊ जेवण टाकून मोबाइल बघत बसला होता.

नंदूचं घर साल्मियात, सहाव्या मजल्यावर. गेल्या गेल्या तोंड धुवायला गार पाण्याचा नळ सोडला तर हात भाजला. वैशाली, माझी भावजय, धावत आली. “ताई, उन्हाळ्यात उलटं असतं हो! टाकी गच्चीवर. गार हवं असेल तर गरम पाण्याचा नळ सोडायचा, गीझर बंदच ठेवलाय.” वा रे देश, म्हटलं. भाची मिहिका बारावीत. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. बाबा सारखा फोनमध्ये काय बघतो विचारलं तर म्हणाली, “कॅप स्पेस, आत्या. डोंट आस्क.” (खेळाडूंच्या पगारावर टीमला मर्यादा असते, त्यातली उरलेली रक्कम.)

दुसऱ्या दिवशी नंदू मला शर्कच्या मासळीबाजारात घेऊन गेला. बाजार कसला, हॉस्पिटल! पांढऱ्या फरशा, गारठा, ओळीनं मांडलेलं झुबैदी (आपलं पापलेट, पण अंगानं भरलेलं). मी कल्ले उचलून बघत होते, नंदू फोनवर शिर्केशी हुज्जत घालत होता. शिर्के पुण्याचा, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर, आणि नंदूच्याच टीमचा भक्त.

“चार वर्षांचा करार? सात फुट्याच्या त्या दुखऱ्या गुडघ्यावर? अरे, वेडे झालेत का त्या टीमचे मॅनेजमेंटवाले?” नंदू भर बाजारात ओरडत होता.

मासे कापणारा बंगाली पोरगा घाबरून मला हिंदीत म्हणाला, “मॅडम, साहब को कोई तकलीफ़?”

“बहुत पुरानी है,” मी म्हटलं.

या गडबडीत पिशवी तिथंच राहिली. घरी येऊन डाळभात खाल्ला.

तिसऱ्या दिवशी फळांच्या ताटलीखाली मला काही कागद सापडले. दवाखान्याशी नंदूचा नवा करार. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी, आणि शेवटच्या पानावर एक पिवळी चिठ्ठी बाणासारखी चिकटवलेली: इथे सही. रविवारी सही करून द्यायचा होता. मला अरबी येत नाही, पण इंग्रजी येतं आणि वेळ भरपूर होता. वाचत गेले तसा माझा पारा चढत गेला. कंपनी कुठंही बदली करणार, आता शहराबाहेर सुलैबियाच्या शाखेत, विचारणार नाही. कंपनी कधीही काढणार, याला मात्र सोडायचं तर तीन महिने आधी सांगायचं. कामाची जागा, काम, वेळ, सगळं कंपनीच्या मर्जीवर.

संध्याकाळी मी कागद त्याच्यापुढे धरले. “वाचलंस?”

“त्यात काय वाचायचं? सगळ्यांचं सारखंच असतं. मंदूबनं (कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस) चिठ्ठी लावलीय तिथं सही करायची. नाहीतर इकामा (राहण्याचा परवाना) अडकतो.”

“अरे गाढवा, त्या सात फुट्याच्या कराराचं कलम न् कलम तुला पाठ आहे! स्वतःचा करार वाचला नाहीस? न वाचता सही करायला कुणी शिकवलं तुला?”

त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. कागद परत ताटलीखाली सरकवले. मला वाटलं, वरमला.

शुक्रवारी सुट्टी. दुपारचं जेवण सलीमभाईंकडे. सलीमभाई दापोलीकडचे, एसीच्या सुट्या भागांचं दुकान, पंचवीस वर्षं इथं, अरबी लिहिता-वाचता येतं. त्यांच्या घरात त्यांनी कुवेती पद्धतीची दिवाणिया केलीय (पुरुषांची बैठकीची खोली, भिंतीला टेकून गाद्या). बायका आत बसत नाहीत. मी बसले. शिक्षिकेला कोण उठवणार?

मचबूस (मसाल्यातला भात, वर अख्खी कोंबडी) उत्तम होतं. त्यावर जी चर्चा झाली तिला मात्र काय म्हणावं! शिर्केचं म्हणणं, त्या सात फुट्याला आणखी एक वर्ष राहायचा हक्क होता, तो सोडून गेला म्हणजे गद्दार. नंदूचं म्हणणं, एजंटनं फूस लावली. सलीमभाई म्हणाले, “अरे, त्याचं पण घरदार आहे मा? पोरं कुठं शिकतात ते बघूनच माणूस सही करणार ना.” त्यावर शिर्के गादीवर उभा राहिला. अगदी संसदेत असल्यासारखा! ज्यांची दोन पायऱ्या चढताना दमछाक होते असे तीन पुरुष कधी न भेटलेल्या माणसाच्या भवितव्यासाठी एकमेकांच्या उरावर बसत होते. मला तिडीक आली. तिडीक आली म्हणूनच सुचलं.

मी पर्समधून कागद काढले. सकाळी निघताना ताटलीखालून उचलले होते. पहिलं पान दुमडून नाव झाकलं आणि म्हटलं, “एका खेळाडूचा करार आहे माझ्याकडे. तुम्ही जाणकार. सांगा कसा आहे.”

नंदूचा घास हातातच राहिला. मी मोठ्यानं वाचत गेले. ‘कंपनी’ दिसलं की ‘टीम’ म्हणायचे, बाकी शब्द तेच.

“थांबा, थांबा,” शिर्के म्हणाला. “टीम कधीही काढणार, आणि याला तीन महिने आधी सांगायचं? कुठल्या बावळटानं हे मान्य केलं?”

“अजून सही व्हायचीय.”

“बदलीला याची संमती नको? काम पण टीमच बदलणार? उद्या सेंटरला पाणी वाटायला लावतील हो! याचा एजंट कोण? त्याला आधी बडवा.”

“एजंट नाही,” मी म्हटलं. “पिवळी चिठ्ठी आहे.”

शिर्के खो खो हसला. नंदू हसला नाही. सलीमभाईंनी हात पुढे केला. “दाखवा जरा, ताई.”

त्यांनी चष्मा लावला आणि उजवीकडचं अरबी वाचायला लागले. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथंही नाव होतं, अरबीत, ते झाकायचं मला सुचलंच नव्हतं. त्यांनी वर बघितलं नाही. कागद घडी करून मांडीखाली ठेवला.

“ताई, डावीकडे याला सेंटर लिहिलंय,” ते सावकाश म्हणाले. “उजवीकडे अरबीत सामान उचलणारा लिहिलंय. आणि तंटा झाला तर इथं अरबीच धरतात.”

म्हणजे इंग्रजीत टेक्निशियन, अरबीत मदतनीस. कुवेतमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला कळतं याचा अर्थ काय. मदतनिसाला कुटुंब ठेवता येत नाही. वैशाली आणि बारावीतली मिहिका यांना शाळेचं वर्ष अर्धवट सोडून, गाशा गुंडाळून परत जावं लागलं असतं. एका सहीनं.

“या खेळाडूला सांगा,” सलीमभाई नंदूकडे न बघता म्हणाले, “रविवारी एकटा जाऊ नको. मी येतो सोबत. आणि शिर्के, तू पण चल. तुझं तोंड तिथं कामाला येईल.”

तेव्हा कुठं शिर्केच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मुकाट्यानं खाली बसला आणि नंदूच्या ताटात कोंबडीचा मोठा तुकडा वाढला.

रविवारी तिघं गेले. मंदूब म्हणाला, टाइप करणाऱ्याची चूक असेल. असेल. शिर्केनं मात्र त्याला एकेक कलम धरून दोन तास पिळला, अगदी त्या सात फुट्याचा एजंट असल्यासारखा. सुलैबियाची बदली टळली नाही, पण अरबीत टेक्निशियन झालं. तीन महिन्यांचं कलम दोन्ही बाजूंना लागू झालं. नंदूनं सगळी पानं वाचून सही केली, आणि घरी येऊन मिहिकाला घट्ट धरलं. ती म्हणाली, “बाबा, व्हॉट हॅपन्ड?” तो म्हणाला, काही नाही.

निघायच्या दिवशी विमानतळावर मी त्याला पुन्हा झाडत होते. “यापुढे वाचल्याशिवाय सही केलीस तर याद राख.”

तो हसला. “ताई, पेन्सिलची फुली आठवते?”

मला आठवत नव्हतं. त्यानं सांगितलं. बारावीनंतर त्याला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं. राज्याच्या संघात होता, मीच घडवलेला. मी म्हटलं होतं, खेळावर या घरात एकाचंच पोट भरेल. लॅबच्या कोर्सचा अर्ज मी माझ्या अक्षरात भरून आणला, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारली. तो मैदानावर निघाला होता, काखेत चेंडू.

“मी विचारलं, काय आहे हे. तू म्हणालीस, तुला काय करायचंय, सही कर. केली मी, उभ्या उभ्या.”

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखाच बोलत होता, माझी बॅग गाडीवर चढवत. मला इतकी लाज वाटली की मी पासपोर्ट शोधायचं नाटक केलं.

सांगलीत आले. शेजारीण विचारायला आली, कसं आहे कुवेत? म्हटलं, गरम आहे, मासे चांगले, माणसं मूर्ख. ती गेल्यावर मी नंदूला फोन लावला. तो सुलैबियाहून घरी येत होता, गाडीत होता.

“काय गं ताई, सगळं ठीक?”

“ठीक,” मी म्हटलं. “त्या सात फुट्याच्या जागी कोण घेतला रे तुमच्या टीमनं?”

मग तो बोलायला लागला. चाळीस मिनिटं बोलत होता, गुडघे, कलमं, एजंट, सगळं. मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.