कोरफडीचा चीक आणि माझा नमुना पाठ

मुलांनो, परवा धाकटीने व्हिडिओ कॉलवर मोठ्या कौतुकाने हिरव्या पेयाचा ग्लास दाखवला. "आजी, कोरफडीचं अख्खं पान मिक्सरमधून काढलं, सालासकट. साल फेकणं म्हणजे वेस्ट ना?" मी तो ग्लास तिला तिथल्या तिथे सिंकमध्ये ओतायला लावला आणि कारण नंतर सांगते म्हटलं. बोलताना मला हसू आवरलं नसतं, म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्हा सगळ्यांनाच कळलेलं बरं, कारण हा काटकसरी शहाणपणा तुमच्यात कुठून आला याची मला दाट शंका आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहत होतो. मुलं शाळेत जायला लागली होती आणि मला नोकरी हवी होती. पैशांची तशी अडचण नव्हती, पण इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली बाई दुपारभर गवार निवडत बसते, हे मला फार सलायचं. भांडुपच्या एका शाळेने नमुना पाठ घ्यायला बोलावलं. मी चौथीला शिकवायचं, मुख्याध्यापिकांनी मागच्या बाकावर बसून बघायचं, पसंत पडलं तर नोकरी. मी आठवडाभर आरशासमोर उभी राहून, हातवारे करत, खणखणीत आवाजात तयारी केली. आदल्या दिवशी माझा आवाज बसला.

सासूबाई मालवणकडच्या. त्यांना दया वगैरे आली नाही.

"आरशाक शिकवन शिकवन गळो घालवलंस. आता पोरांका काय खुणेन शिकवतलंस?"

पण संध्याकाळी त्यांनीच गॅलरीतल्या कुंडीतून कोरफडीचं पान कापून आणलं. आतला गर हळद-मीठ लावून तव्यावर परतायचा आणि चमचाभर खायचा, हा त्यांचा घशावरचा उपाय. देवळात जाता जाता त्यांनी दारातून बजावलं, "कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभां ठेव. पयलो तो पिवळो चीक गळान जांवदे. मगे सोल, धू, आणि मगेच तव्यार घाल. चीक पोटात जांव नको."

मी मान डोलावली. त्या जिना उतरल्या आणि माझं शिक्षण जागं झालं.

त्या काळात मी इंग्रजी मासिकांतली आरोग्याची पानं नेमाने वाचायचे. जीवनसत्त्वं सालीलगत असतात, शिजवलेलं पाणी फेकू नये, असं त्यात असायचं. त्यामुळे आमच्याकडे बटाटे सालासकट व्हायचे आणि पालकाचं पाणी कणकेत जायचं. घरचे लोक हिरवट पोळ्या न बोलता खायचे. अशा बाईने तो सोनेरी चीक मोरीत सोडून द्यायचा? पानाचं सत्त्वच ते! मी तो वाटीत धरला, पान सालासकट ठेचलं आणि दोन्ही एकत्र करून खाल्लं. चव अशी, की डोळ्यांतून पाणी आलं. कडू म्हणजे गुणकारी, असं मी स्वतःला इंग्रजीत समजावलं आणि वाटी खंगाळून तेही पाणी प्यायले.

पहाटे पोटात मुरडा आला आणि पुढचा सगळा वेळ मी संडासाच्या आत किंवा दाराशी होते. सासूबाईंनी काय खाल्लं ते माझ्याकडून वदवून घेतलं, मीठ-साखरेचं पाणी हातात दिलं आणि विचारलं, "तुजा व्हिटामिन पोचला मां गो?"

जाऊ नको म्हणाल्या. पण न जाणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

पाठ सुरू झाला. घोगऱ्या आवाजात दोन-चार वाक्यं झाली असतील, की पोटाने बोलावणं पाठवलं. मी फळ्यावर प्रश्न लिहिला, 'तुम्ही एका बेटावर एकटेच असाल तर पहिल्यांदा काय कराल?' मुलांना लिहायला सांगितलं आणि बाहेर पडले. परत आले, एक ओळ समजावली, पुन्हा गेले. तास असाच संपला.

"सारख्या बाहेर का जात होता?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून." हे मी अगदी गंभीरपणे म्हणाले.

"आणि तुम्ही कुठे जात होता विचार करायला?"

मग मी उरल्यासुरल्या आवाजात सगळं सांगितलं. बाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "प्रश्न चांगला दिलात. वर्गात कोणी नसताना पोरं मान खाली घालून लिहीत होती. पण तुमचं शिकवणं मी पाहिलंच नाही. सोमवारी परत या. येताना काही खाऊ नका."

सोमवारी सासूबाईंनी मला पेज दिली आणि संपेपर्यंत समोर बसून राहिल्या, मी त्यात काही घालीन म्हणून. आवाज अर्धाच परतला होता. नोकरी मात्र मिळाली.

तेव्हा धाकटे, खायचीच असेल तर खायच्या जातीचीच कोरफड घे, तीही जात नक्की माहीत असेल तरच. पान उभं ठेवून पिवळा चीक पूर्ण गळू दे, साल जाड काढ, पारदर्शक गर पुन्हा पुन्हा धू. जिभेला कडू लागला तर टाकून दे, वाईट वाटून घेऊ नकोस. खायचा तोही चमचाभरच, रोज नाही. मोठीला दिवस गेलेत, तिने हात लावायचा नाही. कोणाला औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

सासूबाई आता नाहीत. मुलुंडची ती इमारत पाडली, तिथे टॉवर उभा आहे, आणि गॅलरीतल्या कुंड्या सामान हलवताना कुठे गेल्या कोणास ठाऊक. चीक गाळायची त्यांची पद्धत राहिली आहे. मी अजून तशीच करते.