कुमाऊंच्या आधी मुनिरका, कँटोन्मेंट, गुडगाव

मार्चमध्ये मी घरात सांगितलं की मला दहा दिवस कुमाऊंत एकटीने फिरायचं आहे. पाठीवर एक बॅग, जमेल तिथे बस, नाहीतर पायी. श्रीरंग, माझा नवरा, गुडगावच्या एका कंपनीत प्रोसेस सुधारतो. त्याने नाही म्हटलं नाही. नाही हा शब्द त्याच्या नोकरीत बसत नाही. त्याने विचारलं, "फीजिबल आहे का?"

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. लग्नानंतर एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास नागपूरचा. तेव्हाही इकडे बॅग गाडीत श्रीरंगने चढवली आणि तिकडे भावाने उतरवली. त्यामुळे प्रश्न गैर नव्हता.

"आधी पायलट करू," तो म्हणाला. "तीन दिवस, दोन रात्री, दिल्ली-एनसीआरच्या आत. स्वस्तात राहायचं, बॅग स्वतः उचलायची. आणि घरी फोन करायचा नाही. डोंगरात रेंज नसते."

"केला तर?"

"तर पायलट फेल. मग आपण तिघं नैनितालला जाऊ. हॉटेल, गाडी, सगळं पॅकेज."

हे त्याने सांत्वन म्हणून सांगितलं. मी धमकी म्हणून ऐकलं, पहिली रात्र दिल्लीतल्याच मुनिरकात ठरवली आणि तयारीला लागले.

पाठीवर बॅग घेऊन निघायचं ज्यांच्या मनात आहे, पण ज्यांना आधी घर ओलांडायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न बॅगेचा. नोएडाच्या एका मॉलमध्ये डोंगरात लागणाऱ्या सामानाचं दुकान आहे. बाहेर एप्रिलचं ऊन, आत बर्फावर चालायचे बूट. विक्रेत्याने अदबीने विचारलं, "मॅम, कौन सी एक्स्पीडिशन?"

"मुनिरका."

त्याने मान डोलावली. "हाय ऑल्टिट्यूड?"

"तिसरा मजला."

त्याने दाखवलेल्या बॅगेला सत्तावीस कप्पे होते. माझ्या स्वयंपाकघराला एवढे नाहीत. किमतीचा आकडा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग करोल बागेत गेले. तिथे तीच बॅग दहाव्या हिश्शात मिळाली. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं, तेही फुकट. माझा सल्ला असा: स्वस्त बॅग जरूर घ्या, पण घरी नेण्याआधी मोच्याकडे न्या. दुकानाबाहेरच एक बसतो. त्याने प्रत्येक पट्टा एकेकदा ओढून पाहिला. दोन त्याच्या हातात आले.

"अभी तो खरीदी है," मी म्हटलं.

"नई है, तभी तो सिलनी पड़ेगी, मैडम."

त्याने नायलॉनच्या दोऱ्याने घातलेले टाके अजून आहेत. बाकीची बॅग हळूहळू त्यांच्याभोवती विरते आहे.

भरलेली बॅग उचलताना माझ्या तोंडून आवाज निघाला. निनाद, आमचा मुलगा, म्हणाला, "आई, आधी बॅग खाली कर." मी खाली ठेवली. "अगं खाली नाही, खाली!" त्याला रिकामी म्हणायचं होतं. दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या मराठीतून काही शब्द असे निमूट निघून गेले आहेत. रिकामी केली, पुन्हा भरली आणि जिन्याखाली रद्दीवाला आला होता त्याच्या काट्याला अडकवली. घरच्या बॅगेचं वजन करायला याहून सोयीची जागा नाही. नऊ किलो दोनशे.

"अखबार है या कबाड़?" त्याने विचारलं.

"कपड़े हैं. बेचना नहीं है."

"बिकेगा भी नहीं."

जाणकार सांगतात, माझ्या अंगकाठीच्या बाईने सातच्या वर जाऊ नये. त्यापुढे आपण बॅगेला फिरायला नेतो. पण मला वाटलं, यातलं सगळंच लागणार. गुरुवारी सकाळी नऊ किलो दोनशे घेऊन मयूर विहारच्या घरातून निघाले. श्रीरंगसमोर फोन बंद केला. त्याने घड्याळ पाहिलं.

मेट्रोत मोठी बॅग पाठीवर ठेवू नका, पुढे घ्या. मागच्या प्रवाशाचं तोंड वाचतं आणि तुमचं पाकीटही. मग बस. मुनिरकाच्या थांब्यापर्यंत खांदे भरून आले होते. तिथे कळलं की कमरेचा पट्टा शोभेचा नसतो. तो कमरेच्या हाडावर घट्ट बांधायचा आणि खांद्यांचे पट्टे सैल सोडायचे. ओझं खांद्यांवरून उतरतं आणि पायांकडे जातं. पाय तक्रार करत नाहीत. त्यांना सवय असते.

मुनिरका म्हणजे गावाने शहराला उभ्या उभ्या दिलेल्या भाड्याच्या खोल्या. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरचे भाडेकरू एकाच वर्तमानपत्रात भागवू शकतात. विद्यार्थी सुट्टीत गावी गेला की घरमालकीण त्याची खोली एका रात्रीसाठी देते. तीनशे रुपये, पंखा, बादली, शेजारच्या खोलीतून अर्थशास्त्राचं मोठ्याने पाठांतर. त्या संध्याकाळी उदारीकरणाचे पाच फायदे मला पाठ झाले. तोट्यांच्या वेळी तो जेवायला गेला. कोपऱ्यावर राजमा-चावल तीस रुपयांत मिळतो आणि पोट भरतं. स्वतःची चादर न्या. मी जुनी सुती साडी नेली होती. अंथरायला, पांघरायला आणि खिडकीला पडदा म्हणून चालते. टॉवेल नेऊ नका, पंचा न्या. तासाभरात वाळतो.

घरमालकीण साठीची, हरियाणवी बोलणारी. पायऱ्यांवर भाजी निवडत बसली होती. तिने मला खालून वर पाहिलं. "घर तै लड़ के आई सै?"

"नहीं माताजी. प्रैक्टिस कर रही हूँ. अकेले रहने की."

ती थोडा वेळ शेंगा मोडत राहिली. "उसकी प्रैक्टिस कोनी करनी पड़ती, बेटी. वो तो अपने आप हो ज्या सै."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाण्याची मोटर लावायला सांगितलं. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दिल्ली कँटोन्मेंट, लष्कराची वसाहत. तिथे शालनताई राहतात. साताऱ्याकडच्या, हवालदारांच्या पत्नी. महाराष्ट्र मंडळात मोदक वळताना आमची ओळख झाली. गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं. मूळ प्रत न्या, झेरॉक्सवर सैन्याचा विश्वास नाही. मी दारात बॅग टेकवली तो आवाज ऐकून शालनताई बाहेर आल्या. त्यांनी ती एका हाताने उचलून पाहिली आणि पुन्हा ठेवली.

"वहिनी, किती महिन्यांसाठी निघालाय?"

"तीन दिवस."

त्यांनी सतरंजी अंथरली आणि सगळं बाहेर काढायला लावलं. अकरा पोस्टिंग झालेल्या बाईपुढे मी काय बोलणार. एकेक वस्तू हातात घेऊन त्या एकच प्रश्न विचारत होत्या. कशासाठी असं नाही.

"हे कुणासाठी?"

"ह्या श्रीरंगच्या ॲसिडिटीच्या गोळ्या."

"ते आलेत बरोबर?"

"नाही."

वस्तू डावीकडे गेली. निनादचा इनहेलर. त्याला तीन वर्षांत धाप लागलेली नाही. श्रीरंगचा स्वेटर, संध्याकाळी गारठा पडला तर. घराच्या किल्ल्यांचे दोन जुडगे. चौघांना पुरतील एवढ्या दशम्या. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची किल्ली, कारण मी कमिटीवर आहे. डावीकडचा ढीग वाढत गेला. उजवीकडे दोन सलवार-कमीज, साडी, पंचा, साबण, टॉर्च आणि पाण्याची बाटली. तो फारच केविलवाणा दिसत होता. तो माझा होता.

"ह्यांची पेटी मी एकदाच भरली," शालनताई म्हणाल्या. "पठाणकोटला जाताना. तर तिथं ह्यांना मोजे सापडंनात. मला गावाकडं पत्र. मोजे कुठं ठेवलेत. मी उत्तर लिवलं, ते पोचंस्तवर थंडी सरली. तवापासून ज्याची पेटी त्यानं भरायची."

"आणि मोजे कुठे होते?"

"बुटात. मी म्हटलं सापडायला सोपं जाईल."

डावीकडचा ढीग त्यांनी पिशवीत भरून खाटेखाली सरकवला. दशम्या आम्ही दोघींनी चटणीबरोबर खाल्ल्या. वर त्यांनी मला ओवलेली सुई, चार सेफ्टी पिना आणि हातभर सुतळी दिली. बाकी काही नेऊ नका, असं त्यांचं मत. माणसं राहतात तिथे दुकान असतंच. रात्री मी त्यांच्याकडेच राहिले.

"फोन बंद का ठेवलाय?" झोपायच्या आधी त्यांनी विचारलं.

"अट आहे. श्रीरंगची."

"आमच्याकडं अट नव्हती," त्या म्हणाल्या. "फोनच नव्हता."

शनिवारी सकाळी सहा किलो घेऊन गुडगावची बस धरली. कुमाऊंच्या आधी सराव म्हणून याहून अवघड प्रदेश दिल्लीजवळ नाही. चालणारा माणूस आराखड्यात धरलेला नाही. फूटपाथ सुरू होतो, विजेच्या खांबाशी थांबतो, पलीकडे खड्डा असतो. आठ पदरी रस्ता ओलांडायला पूल आहे, पण पुलापर्यंत जायला तोच रस्ता ओलांडावा लागतो. मी कमरेएवढे तीन दुभाजक चढले. सहा किलोत हे जमतं. नऊ किलोत मी अजून दुसऱ्यावर बसलेली असते.

कॉलेजातली मैत्रीण माधुरी तिथल्या एका टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे जेवायला जायचं होतं. गेटवर रखवालदाराने वही उघडली.

"गाड़ी नंबर?"

"पैदल आई हूँ."

त्याने पेन थांबवलं. वहीत पाहुण्यांच्या पानावर गाडी नंबर हा रकाना होता आणि तो मोकळा सोडायची मुभा नव्हती. दुसऱ्या वहीत कामवाल्या, तिसरीत कुरियर. त्याने माझी बॅग पाहिली आणि तिसरी वही ओढली. मग इंटरकॉम उचलला.

"मैडम, नीचे एक पैदल वाली आई हैं."

पलीकडून माधुरीचा आवाज मलाही ऐकू आला. "मैंने तो कुछ मँगवाया नहीं."

मी पुढे होऊन मराठीत ओरडले. मग लिफ्टपर्यंत सोडलं, पण सामानाच्या लिफ्टपर्यंत. माधुरीने दारात मिठी मारली आणि तिसऱ्या वाक्याला म्हणाली, "चालत? वेडी आहेस का? सांगायचंस ना यार, ड्रायव्हर पाठवला असता." जेवण उत्तम होतं. खिडकीतून सगळं गुडगाव दिसत होतं. चालणारं कुणी दिसत नव्हतं.

पण ते असतात. परत निघताना त्याच रखवालदाराने सांगितलं, मोठ्या रस्त्याने जाऊ नका, भिंतीला मागच्या बाजूला भगदाड आहे. तिथून एक पायवाट निघते, नाल्याच्या कडेने, दोन मोकळ्या प्लॉटांमधून, थेट बसच्या थांब्याला. वाटेवर सावली आहे आणि एक चहावालाही. दुपारी दोनला कामं आटोपलेल्या बायकांची तिथे रांग लागते. नव्या उपनगरात रस्ता गाडीवाल्याला विचारू नका. चालणाऱ्याला विचारा.

एक बाई माझ्या जोडीने चालू लागली. पाठीवरची बॅग बघून म्हणाली, "आप काम पे रहने वाली हो या आने-जाने वाली? कितने घर पकड़े हैं?"

"एक."

"बस एक? पूरा दिन?"

"पूरा दिन."

"खाना, कपड़ा, बच्चा, सब?"

"सब."

तिने हिशेब केला. "फिर तो पैसे अच्छे देते होंगे."

पाचच्या सुमारास घरी पोचले. निनाद क्लासला गेला होता. श्रीरंगने दार उघडलं. बॅग घ्यायला हात पुढे केला आणि अट आठवून मागे घेतला. मी ती कोपऱ्यात ठेवली. आम्ही टेबलाशी बसलो. त्याने चहा केला होता, बरा होता. गोळ्या कँटोन्मेंटात राहिल्या म्हटलं, तर त्याला कुठल्या गोळ्या ते कळलं नाही. तीन दिवसांत टाकीला किल्ली लागली नव्हती.

मग रिव्ह्यू झाला. राहण्याची सोय, जेवण, सुरक्षितता, खर्च. तो विचारत गेला, मी सांगत गेले.

"फोन केला नाहीस," तो म्हणाला.

"नाही केला."

"काल मीटिंगभर फोन हातात धरून बसलो होतो. बॉसने विचारलं, सगळं ठीक ना?"

"अट तुझी होती."

"हो. पण तू पाळशील असं मी धरलं नव्हतं. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करशील. कशासाठी तरी."

"म्हणजे फेल होईन असं."

त्याने चहाचा कप फिरवला. "तसं म्हणायचं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "तसंच म्हणायचं होतं बहुतेक."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सतरंजीवर बसून दशमी खात होते आणि घर मला एकदाही आठवलं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं नाही. इथे लिहिते आहे, कारण तो ब्लॉग वाचत नाही.

"पायलट पास?" मी विचारलं.

"पास," तो म्हणाला. असं तोंड त्याने शेवटचं प्रमोशन हुकलं तेव्हा केलं होतं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "कुमाऊंला ही फोनची अट ठेवायला नको. काढून टाकू. रोज संध्याकाळी एक कॉल. एक मिनिट. फक्त पोचलीस एवढं."

"डोंगरात रेंज नसते."

"असते काही ठिकाणी. मी चेक केलंय."

आता राहिलं काय ते मांडते. खांद्यावर दोन काळेनिळे वळ, आठवड्यात जातील. पंच्याबद्दलचा आदर. मागच्या वाटेने जायची सवय. परवा आमच्याच सोसायटीच्या भिंतीतलं भगदाड सापडलं. या फ्लॅटात सतरा वर्षं राहते आहे. बॅग पुन्हा भरून ठेवली आहे, सहाच्या आत.

कुमाऊंच्या पायथ्याच्या काठगोदामचं तिकीट शुक्रवारचं आहे, एका माणसाचं. फोनचं मी अजून ठरवलेलं नाही.