बुद्धिबळ मंडळ कायद्यात बसवताना

चार माणसं एका ओट्यावर बसायला लागली की किस्से आपोआप साचतात. आमचे बहुतेक साचले ते भोरच्या बुद्धिबळ मंडळाला कायद्यात बसवताना! दिवस संस्थानी. मी संस्थानच्या शाळेत मास्तर, बापूसाहेब संस्थानचे पेन्शनर, तात्या वकील. आणि वेल्ह्याकडचे शेतकरी रामभाऊ बाजाराला आले की आधी आमच्या ओट्यावर!

*

एका संध्याकाळी बापूसाहेब रंगात येऊन ओरडले, "राजाला कोंडा! आता सुटू देऊ नका!" नेमका रस्त्यानं हवालदार चालला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं फौजदारापुढं. माझी नोकरी आणि बापूसाहेबांचं पेन्शन, दोन्ही गेल्यातच जमा!

"हा राजा कोण?" फौजदार गरजला.

रामभाऊंनी कनवटीतून मोहरा काढून टेबलावर ठेवला. "ह्यो बगा सायेब. लाकडाचा हाय!"

फौजदार हसला आणि आमचा जीव भांड्यात पडला. पण त्यानं बजावलं, "नुसते जमू नका. काहीतरी कायदेशीर रूप द्या. वरून विचारणा आली तर मी काय सांगू?"

*

तात्यांनी पर्याय मांडले. पहिला, कंपनी.

"पण कंपनी म्हटली की नफा-तोटा आला."

"नफा?" बापूसाहेब म्हणाले. "अहो, मी अजून एकही डाव जिंकलेलो नाही!"

दुसरा, ट्रस्ट. "त्याला मिळकत लागते. विश्वस्तांच्या हवाली काय करणार?"

"एक पट आणि एकतीस मोहरे," मी म्हणालो.

"बत्तिसावा कुठं गेला?"

"प्यादं व्हतं," रामभाऊ मान खाली घालून म्हणाले. "आमच्या बोकडानं खाल्लं!"

राहिली सोसायटी. सभासद, नियम, कार्यकारिणी, आणि कुणाच्या खिशात काही जायचं नाही. हे सगळ्यांना पटलं. फक्त पुण्याकडचा, इंग्रजांचा नोंदणीचा कायदा संस्थानात चालत नव्हता, म्हणून दरबारची मंजुरी हवी होती.

*

चिटणीस व्हायला कुणी तयार होईना. रामभाऊंच्या पत्नी पारूवहिनी त्या दिवशी बाजाराला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यास्नी करा. निदान लिवायला तरी घरी बसतील!"

"अगं, मला कुठं लिवता येतंय?"

"मग तर लई दिस बसाल!"

शेवटी ते पद माझ्याच गळ्यात पडलं.

*

मंजुरीसाठी संस्थानच्या कारभाऱ्यांनी आम्हाला बोलावलं. माणूस कडक. आम्ही ओळीनं उभे, बापूसाहेबांची पगडी घामानं भिजलेली. कारभाऱ्यांनी एकेक नियम सावकाश वाचला आणि शेवटच्या नियमावर बोट ठेवलं.

"मंडळ मोडलं तर पट-मोहरे सभासदांनी वाटून घ्यायचे नाहीत, बुद्धिबळाच्याच दुसऱ्या मंडळाला द्यायचे, असं लिहिलंय. इकडं दुसरं मंडळ आहे कुठं?"

तात्या आपल्याजवळची नक्कल उलटसुलट चाळू लागले. मला तर मंजुरी हातची गेल्यासारखी वाटली.

रामभाऊ मात्र बोलून गेले, "नसंल तर सायेब, तुमीच एक काढा की!"

बापूसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

कारभाऱ्यांनी दाराकडं पाहिलं. शिपाई बाहेर गेल्याची खात्री केली. मग कागदावर शिक्का उमटवत हळूच म्हणाले, "आहे एक. आमच्याच माडीवर बसतं. पण त्याची नोंद नाही... कुठं बोलू नका!"