बढती नको, घर हवंय

ठाण्याजवळच्या दिव्यात आम्ही भाड्याने राहतो, आणि आमचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. करार संपला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर "मुलाचं लग्न ठरलंय, खोली हवीय" म्हणतो. मग टेम्पो बोलवा, गाद्या गुंडाळा, नव्या खोलीत पाणी कधी येतं ते शेजारी विचारा. भिंतीत खिळा मारायचा नाही, ही अट मात्र प्रत्येक मालकाची. त्यामुळे सासूबाईंचे देव कोकणातून आले ते फ्रिजवरच बसले. फ्रिज सुरू झाला की देव थरथरतात. "आपल्या भिंतीवर देव्हारा बघितला की मी सुटले," असं सासूबाई रोज पूजा झाली की म्हणायच्या.

म्हणून सरकारी घरांच्या लॉटरीत अर्ज भरायला लागलो. ही लहान घरं कमी उत्पन्नवाल्यांना. नवरा-बायकोची मिळून कमाई ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी. आम्ही जेमतेम आत होतो. पहिल्या वेळी नंबर लागला नाही. आणि नेमकं तेव्हाच मानपाड्याच्या कंपनीत, जिथे मी औषधाच्या बाटल्यांच्या पॅकिंगला आहे, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सुपरवायझर करतो म्हणाले.

दुसरी कुणी असती तर पेढे घेऊन घरी गेली असती. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. वाढीव पगार धरला तर आम्ही मर्यादेच्या बाहेर, आणि वरच्या गटातली घरं बघायचीसुद्धा सोय नाही.

"म्हणजे सरकारच्या लेखी आपण श्रीमंत," हे म्हणाले. हे कोपरीत झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहेत. श्रीमंत, डोंबल!

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, घरी म्हातारं माणूस आहे, जबाबदारी झेपायची नाही. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी सुपरवायझर झाली. "ताई, तुम्ही असताना मी कशी?" म्हणत रडली बिचारी. "घे गं मुकाट्याने," मी म्हटलं. पण जीव जळला, खोटं कशाला बोलू. पगार वाढू नये म्हणून धडपडणारी बाई मी, सांगणार तरी कुणाला?

पुढच्या सोडतीत खरंच नाव लागलं. कल्याणच्या पुढे, बाराव्या मजल्यावर. सासूबाईंनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले आणि ह्यांना सांगून लाकडी देव्हारा आणि चांगले जाड खिळे आणवले.

मग कर्जासाठी बँकेत गेलो. ह्यांचा पगार रोख हातात, स्लिप नाही. उत्पन्नाच्या दाखल्यात तो मोजला होता, बँक मात्र म्हणाली, हा आम्ही धरत नाही. राहिला माझा एकटीचा. काउंटरवरच्या मुलाने माझी स्लिप बघितली. "मॅडम, एवढ्या पगारावर नाही बसणार लोन. थोडा जास्त असता ना, तर झालं असतं."

किती जास्त, मी विचारलं. त्याने सांगितलं. आमच्याकडे सुपरवायझरला तेवढाच मिळतो.

मला तिथेच हसू आलं, आणि नंतर रिक्षात बसल्यावर रडू. दुसऱ्या बँकांतही तेच ऐकलं. पैसे भरायची मुदत गेली आणि घर प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळालं. लाभो त्याला. मला कुणाच्या नावाने बोटं मोडायची हेच कळेना.

सासूबाईंना सांगितलं. देव्हारा पलंगाखाली कागदात गुंडाळलेला होता, तो त्यांनी ओढून बाहेर काढला आणि त्यावरची धूळ पदराने पुसत बसल्या. माझं डोकंच फिरलं. पूर्वेच्या भिंतीशी स्टूल ओढलं, हातोडा घेतला आणि वर चढले.

"अगं, मालक डिपॉझिट कापेल!" हे ओरडले.

"कापू दे."

सासूबाई खालून एकेक खिळा हातात देत होत्या. करार संपायला दोन महिने आहेत. तोवर देव भिंतीवर आहेत.