अठ्ठ्याहत्तर हजेऱ्या

गिरगावातल्या एका लॉ कॉलेजच्या कचेरीत मी कारकून होतो. हजेरीपटांची बेरीज करून कुणाची टर्म भरली आणि कुणाची नाही, याची यादी प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे ठेवणं हे माझ्याकडचं एक काम. नियम साधा होता. झालेल्या तासांपैकी तीन-चतुर्थांश तासांना हजर असाल तर परीक्षेचा फॉर्म मिळेल, नाहीतर टर्म पुन्हा भरा. एकोणीस वर्षं मी ही बेरीज केली आणि ती एकदाही चुकली नाही. ज्या वेळी चुकली, ती कचेरीच्या कागदावर नव्हती.

मी स्वतः एलएल.बी.ची पहिलीच परीक्षा पास झालो होतो. पुढे संसार आला आणि ते राहून गेलं. पण इतकी वर्षं प्रश्नपत्रिका हाताळल्यामुळे मुलं नापास का होतात, हे मला प्राध्यापकांपेक्षा जास्त कळू लागलं होतं. तीन तासांत पाच प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस मिनिटं. हुशार मुलगा पहिल्या प्रश्नाला तासभर घेई, येतं ते सगळं लिही आणि पाचवा प्रश्न कोराच राही. म्हणून परळच्या आमच्या खोलीत मी सकाळी सहा ते सात पाच-सहा मुलांना बसवू लागलो. गजराचं घड्याळ छत्तीस मिनिटांवर लावायचं आणि वाजलं की लेखणी खाली.

मुलं मराठी शाळांतून आलेली, पेपर इंग्रजीत. त्यावर तोड म्हणून उत्तर लिहिण्याआधी ते मराठीत माझ्या बायकोला सांगायचं, असा मी नियम केला. ती चौथी शिकलेली. भाकऱ्या थापता थापता ऐके आणि अडलं की "मला नाही कळलं" म्हणून मोकळी होई. तिला कळेपर्यंत कागदाला हात लावायचा नाही.

त्या मुलांत लालबागचा एक होता. बाप गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. मूळचे मालवणकडचे. एकदा तो तिला बेलमेंट समजावत होता. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असते, पण मालकी आपली नसते, वगैरे.

"म्हणजे गावाला जाताना मी शेजारणीकडे डबा ठेवून जाते तसं," ती म्हणाली.

"हो, काकू. तसंच."

"आणि तिच्या पोरांनी लाडू खाल्ले तर?"

"त्यासाठीच तर सेक्शन आहे, काकू."

तो हसला आणि लिहायला बसला. छत्तीस मिनिटांपैकी चार उरली. तसं उत्तर मी त्या वर्षी दुसरं वाचलं नाही. दादरच्या एका वकिलांनी त्याला शब्द दिला होता, की एलएल.बी. झालास की माझ्याकडे ये, इथेच काम शीक आणि पुढे बारची परीक्षा दे. त्याला शेवटची परीक्षा त्याच वर्षी, दिवाळीआधी, द्यायची होती. 'त्याच वर्षी' याला कारण होतं. बापाची नजर जात चालली होती. दिवाळीनंतर बाप काम सोडणार आणि जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, सांगून त्याची जागा मुलगा चालवणार, ही गिरणगावची रीतच. पोरगा वकिलाकडे लागला तर ठीक, नाहीतर साच्यावर. आणि पाळ्यांत एकदा अडकलेला माणूस पुन्हा पुस्तकाकडे वळलेला मी तरी पाहिला नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. हरताळ पडले, संचारबंदी झाली, आणि ठरलेल्या एकशे चार तासांपैकी आठ झालेच नाहीत. एके दिवशी सकाळची मुलं उठल्यावर तो मागे थांबला.

"मास्तर, शनिवारी आमच्या चाळीची तुकडी सत्याग्रहाला जाणार. आठ दिवस पडतील म्हणतात. मला किती तास चुकवता येतील?"

जाऊ नकोस म्हणायला हवं होतं, की विचारपूर्वक जा म्हणायला हवं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी दोन्ही म्हणालो नाही. मी कागद घेतला. एकशे चारातून आठ गेले, टर्मअखेर तास होणार शहाण्णव. तीन-चतुर्थांश बहात्तर. म्हणजे चोवीस चुकले तरी चालतील. त्याचे बारा आधीच चुकलेले. आठ दिवसांच्या कैदेत कॉलेजचे दिवस सहा, रोज दोन तास, म्हणजे बारा.

"बारा," मी म्हणालो. "एकही जास्त नाही. पण बसतं."

नोकरीमुळे मला स्वतःला कधी मोर्चात पाऊल टाकता आलं नव्हतं. तो जातोय याचं मला बरं वाटलं. आकडा नेमका जुळला याचंही वाटलं, हे लपवून काय करू.

शनिवारी तो सकाळचे दोन्ही तास करून गेला. दुपारी एक वाजता साहेबांनी मला एक नोटीस टाइप करायला दिली. बुडालेले आठ तास भरून काढायचे. उद्याच्या रविवारी चार, पुढच्या रविवारी चार. मी टाइप केली, सही घेतली, फळ्यावर लावली. चौथी टाचणी टोचताना माझा हात थांबला. तास पुन्हा एकशे चार झाले होते. लागणार अठ्ठ्याहत्तर. आणि दोन्ही रविवारी तो आत.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी ट्राम धरली. लालबागच्या अलीकडेच ट्राम अडवलेली होती. पुढे चालत गेलो तेव्हा रस्त्यात फक्त चपला पडलेल्या होत्या. भोईवाड्याच्या कोर्टात नेलंय, असं एका पानवाल्याने सांगितलं.

कोर्टाच्या आवारात अठरा जण रांगेत उकिडवे बसलेले. पुन्हा भाग घेणार नाही अशी लेखी हमी देईल त्याला तिथल्या तिथे सोडत होते. मी शिपायाच्या हातापाया पडून त्याच्याजवळ गेलो.

"मास्तर, तुम्ही इथे कसे?"

"उद्या चार तास लावलेत. पुढच्या रविवारी चार."

बेरीज त्याला माझ्याइतकीच येत होती. "म्हणजे सहा कमी."

"हमी लिहून दे. उद्या सकाळी ये. उद्याचे चार धर, सोमवारपासूनचे धर. सगळं भरून निघेल."

शेजारी बसलेला एक फिटर ऐकत होता. "काय वकीलसाहेब," तो म्हणाला, "पहिल्याच केसला माफीनामा?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. तोही हसला, पण माझ्याकडे बघून नाही.

"मास्तर, हमीचं काय करायचं म्हणून काल सगळ्यांनी मला विचारलं. कायदा शिकतो ना मी. कुणी लिहायची नाही, असं मीच सांगितलंय. घरी बाळंतीण असलेला माणूस त्या शब्दावर इथे बसलाय. मी कसा उठू?"

"सहा तासांसाठी वर्ष जाईल तुझं."

"तुम्ही बारा म्हणालात म्हणून आलो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आठ दिवसांची कैद भोगून सोमवारी सकाळी आठच्या तासाला तो हजर होता. त्यानंतर एकही तास चुकला नाही. टर्म संपली तेव्हा त्याच्या नावापुढची बेरीज मी पाच वेळा केली. बहात्तर. हजेरीपट माझ्याच कपाटात, माझ्याच कुलपात. सहा खुणा. एका सकाळी कचेरीत कुणी नसताना मी त्या दोन रविवारांचं पान उघडून बसलो, दौतीचं झाकणही काढलं. मग शिपाई झाडू घेऊन आला आणि मी झाकण लावलं. तो आला नसता तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

मी माझ्या नावाने साहेबांकडे अर्ज केला. विद्यार्थ्याला तासांचा आकडा मी सांगितला होता, तो चुकला, दोष माझा.

"तुम्ही कॉलेजचे कारकून आहात की त्याचे वकील?" साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. अर्ज दोनदा वाचून ते म्हणाले, "आजारपणाची सूट माझ्या हातात आहे. कैदेची नाही. आजारी होता असं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मी जास्त विचारणार नाही."

सर्टिफिकेट मिळालं असतं. पण पुढे वकिलीची सनद मागताना शिक्षा झाली होती का, हे लिहून द्यावं लागणार, आणि त्या तारखा नि आजारपणाच्या तारखा एकच निघणार. मी त्याला हे सांगितलं आणि नको म्हणालो. ते सचोटीपायी म्हणालो की माझी नोकरी जाईल या भीतीपायी, याचा हिशेब मला कधी लागला नाही. तो फक्त "बरं" म्हणाला.

मग त्याचा बाप आमच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आत येईना.

"मास्तरानू, माका आता धागो दिसणा नाय. जॉबर म्हणता, दिवाळीपर्यंत जागा राखतंय, मगे नाय. पोराचा काय होतला?"

मी म्हणालो, प्रयत्न करतोय. प्रयत्न संपले होते. बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने कपासाठी हात पुढे केला तो कपाच्या बाजूने गेला. तिने कप उचलून त्याच्या हातात दिला.

बाकीची मुलं परीक्षेला बसली. वरळीच्या बीडीडी चाळीतला एक मुलगा, पोस्टात काम करणारा, आदल्या वर्षी दसऱ्याला घरच्यांबरोबर नागपूरला बौद्ध दीक्षा घेऊन आलेला, पाचही प्रश्न लिहून थेट आमच्याकडे आला. त्याने घड्याळाला हात लावून नमस्कार केला. मला त्याच्याकडे नीट बघवलं नाही. लालबागचा दिवाळीनंतर साच्यावर गेला. दादरच्या वकिलांनी दुसरा मुलगा ठेवून घेतला.

नवी टर्म सुरू झाली तेव्हा तो पुन्हा आला. त्याने मुद्दाम दुसरी पाळी मागून घेतली होती, म्हणजे सकाळ मोकळी राहावी. पाळी सुटून घरी पोचायला मध्यरात्र उलटे आणि सहाला तो आमच्या दारात असे, केसांत कापसाचा पांढरा भुगा घेऊन. पहिल्याच दिवशी मी प्रश्न दिला, घड्याळ लावलं. विसाव्या मिनिटाला त्याचं डोकं वहीवर टेकलं.

"झोपू दे हो त्याला," बायको हळूच म्हणाली.

सोळा मिनिटं उरली होती. मी त्याला उठवलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे लिहायला घेतलं.

त्या टर्मला त्याच्या एकेचाळीस हजेऱ्या भरल्या. मग गिरणीने पाळ्या फिरवल्या आणि तो यायचा बंद झाला. त्याच्या नावापुढची बेरीज मी तरीही शेवटपर्यंत केली, कारण यादीत नाव होतं. एकशे चारपैकी एकेचाळीस.

अजूनही एखादा मुलगा कचेरीच्या खिडकीशी येतो आणि विचारतो, मला किती तास चुकवता येतील. पट समोर असतो, आकडा मला दिसत असतो. मी सांगतो, ते मला माहीत नाही, तू तासाला जा.