रझियाखालाने मागवलेली गोण

फैझान माझ्या दुकानात आला की कायम कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायचा, कारण तिथे बसलं की त्याच्या पडद्यावर काय आहे ते बाकीच्यांना दिसत नसे. पडद्यावर पाहण्यासारखं काहीच नसायचं, आणि बिचाऱ्याला लपवायचं होतं ते नेमकं तेवढंच.

हे दोन हजार चार सालचं. मारुती मंदिराजवळ माझा एसटीडी बूथ होता. लोकांच्या हातात मोबाइल आले तसा तो ओस पडायला लागला, म्हणून शेजारच्या खोलीत मी चार कॉम्प्युटर टाकून ‘इंटरनेट’ अशी पाटी लावली. नवऱ्याने वेड्यात काढलं, पण पाटी राहिली. फैझान आमच्याच गावातल्या राजिवडा मोहल्ल्याचा. दुबईत एका मोठ्या दुकानाच्या गोदामात कॉम्प्युटरवर माल चढवायचं काम करायचा. थोरला भाऊ हमझा बायकामुलांसह दोहाला. घरी म्हातारी आई रझियाखाला एकटी.

त्यांचे अब्बा वारले तेव्हा दोघेही भाऊ तिकडे होते. फैझान धावतपळत पोचला तोवर दफन होऊन दोन दिवस झाले होते. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं, की आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. पुढे रजा घेऊन आला तो हमरस्त्यावर हातखंब्याच्या फाट्याला गाडीतून उतरतानाच परत न जाण्याचा बेत घेऊन उतरला. पण बेत करणं वेगळं आणि पोट भरणं वेगळं. त्याचा व्हिसा असा, की सहा महिन्यांच्या आत परत तिकडे पाऊल ठेवलं नाही तर तो बाद. म्हणजे एप्रिलपर्यंत इथे काहीतरी उभं राहायला हवं, नाहीतर विमान.

त्याने उभी केली ती एक वेबसाइट. नाव ‘दारात डॉट कॉम’. तिकडे दुबई-दोहात बसलेल्या मुलाने कार्डावर पैसे भरून बटण दाबायचं, आणि इकडे फैझानने त्याच्या आईच्या दारात वस्तू पोचवायची. तांदूळ, तेल, मिक्सर, वाढदिवसाचा केक, आणि सगळ्यात खाली ‘डॉक्टरांकडून घरी येऊन बीपी तपासणी’. कल्पना मला आवडली होती. पण आवडून काय उपयोग? साइट सुरू झाली आणि एकही ऑर्डर येईना. रोज येऊन तो तेच पान पुन्हा पुन्हा उघडून बघायचा.

मग त्याने रेडिओवर जाहिरात द्यायचं काढलं. मी म्हटलं, "अरे, तुझं गिऱ्हाईक दोहाला, आणि रेडिओ वाजणार राजिवड्यात. कुठे मेळ आहे का?"

"वैनी, गिऱ्हाईकाची आई राजिवड्यातच हाय ना," तो म्हणाला. "शुक्रवारी तिकडं सुट्टी. शुक्रवारी प्रत्येक पोरगा घरी फोन करतो. तेव्हा आई सांगेल."

साठवलेल्यातला मोठा हिस्सा जाहिरातीत गेला. मजकूर त्यानेच लिहिला आणि मी टाइप करून दिला. "आई, तुमचा मुलगा परदेशी असतो ना? मग संकोच कसला? या शुक्रवारी फोन आला की काय हवं ते मागा. दारात डॉट कॉम. तो तिकडे बटण दाबेल, वस्तू इथे तुमच्या दारात."

जाहिरात संध्याकाळच्या गाण्यांच्या आधी लागायची आणि ऐकली मात्र सगळ्यांनी. शाळेतली पोरं ती तालात म्हणत रस्त्याने जायची. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे घ्यायला गेले तर तिथली सोनूबाई मला म्हणाली, "त्या फैझानची जाहिरात बेस झाली हो." देवरूखहून माझ्या नणंदेचा फोन आला, तिलासुद्धा पाठ. राजिवड्यातल्या एकेका घरात किती मुलगे बाहेर, विचारू नका. आता बांध फुटल्यासारख्या ऑर्डरी येणार असं मलाही वाटायला लागलं.

शुक्रवार गेला. शनिवारी मी दुकान उघडायच्या आधीच फैझान शटरपाशी उभा होता. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात त्याने बोटं मोडून मोडून दुखवली असतील. पान उघडलं. काही नाही. पुढच्या शुक्रवारनंतरही तेच. त्याच्या पुढच्याही.

सगळ्यात वाईट हे, की लोक कौतुक करत होते. कुणी ऐकलीच नाही असं झालं असतं तर रेडिओला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. इथे ज्याला त्याला जाहिरात पाठ आणि ऑर्डर शून्य. फैझान जेवेनासा झाला. त्याच्या मालकाचा मेल आला, जागा एप्रिलपर्यंतच ठेवतो म्हणून. तो मेल त्याने मला वाचायला लावला, आपण वाचताना एखादा शब्द चुकला असेल या आशेवर. चुकला नव्हता. मी वरवर त्याला "फिरतील रे दिवस" म्हणत होते, पण संध्याकाळी ती जाहिरात लागली की मी रेडिओ बंद करायची.

एका शुक्रवारी दुपारी रझियाखाला दुकानात आली. एकटी, उन्हातून चालत. मी उठून खुर्ची दिली तर म्हणाली, "बसत नाय. हमझाला फोन लावून दे."

"घरी फोन आहे ना, खाला? आणि आज तोच करेल की."

"घरी फैझान असतो," ती म्हणाली.

मी नंबर लावून दिला. बूथचं काचेचं दार नीट लागत नसे, त्यामुळे तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. चोरून ऐकलं असं मी म्हणणार नाही. कान होते, ऐकलं.

"हमझा, मी बोलते. ऐक. मना एक तांदळाची गोण पायजे. फैझानच्या त्या कॉम्प्युटरावरून पाठव."

मग तिचा आवाज चढला.

"काय झालं म्हणजे? काय नाय झालं. नाय रे, कुठं पडले नाय. डॉक्टराकडं कशाला जाऊ? फैझान बरा हाय. खराच बरा हाय. शप्पत घेऊ काय? अरे, घरात तांदूळ हायेत. तरी पायजेत. आई हाय तुझी, मागितले. तू रडतोस कशाला?"

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामाने डबडबला होता. आता मात्र बसली. मी पाणी दिलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "एक गोण मागितली तर पोरगा तिकडं हातपाय गाळून बसला. आजवर कधी काय मागितलं नाय मी. फोन आला की सगळं बरं हाय, काय नको, तू जप. राजिवड्यात समद्या बायका हेच सांगतात. आई मागत नाय म्हणून पोरगा तिकडं झोपतो. आणि माझा हा शहाणा रेडिओवरून सांगतो, मागा."

मी तिथेच स्टुलावर बसले. आम्ही दोघांनी एवढी डोकी लढवली, मजकुरातला एकेक शब्द घासूनपुसून घेतला, आणि प्रत्येक आईला सांगितलं काय, तर पोराला घाबरवून सोड. मग ऑर्डर येणार कुठून?

"मग तुम्ही का मागितलंत?" मी विचारलं.

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "कुणीतरी मागायला हवं ना? नायतर हा जाणार."

तेवढ्यात फैझान धापा टाकत आत शिरला. हमझाने त्याला मोबाइलवर फोन करून आईला काय झालंय ते खरं सांग म्हणून फैलावर घेतलं होतं. आईला धडधाकट पाहून तो दारातच थांबला.

"कॉम्प्युटर बघ," ती म्हणाली. "आलं काय ते."

आलं होतं. दारात डॉट कॉमची पहिली ऑर्डर. पाठवणारा हमझा, घेणारी रझिया. तांदूळ एक गोण. आणि त्याच्या खाली, आईच्या शब्दावर विश्वास न बसल्यामुळे असेल, बीपी तपासणी. फैझान हसला आणि हसता हसता त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

सगळा उलगडा मी त्याला आईसमोरच करून सांगितला. त्याने डोक्याला हात लावला. "म्हणजे आयांना सांगायचंच नव्हतं. पोरांना सांगायचं होतं. पण पोरं कुठं ऐकतात इथला रेडिओ?" मग स्वतःशीच म्हणाला, "मे महिन्यात ऐकतात. लग्नांना, आंब्यांना रजा घेऊन येतात, आईच्या शेजारी बसून ऐकतात."

"मग मे महिन्यात लाव," मी म्हटलं.

"मे महिन्यात मी इथं नसेन, वैनी."

रझियाखाला रिक्षाने घरी गेली. फैझानने बाजारातून गोण घेतली आणि दुसऱ्या रिक्षात घातली. मी दुकान नवऱ्यावर सोपवून त्याच्याबरोबर गेले, कारण त्या दिवशी त्याला एकट्याला सोडावंसं वाटत नव्हतं. राजिवड्यात पोचलो तर घराचं दार आतून बंद. आपल्याच घराचं दार त्याने ठोठावलं. रझियाखालाने उघडलं, गोणीवर हात फिरवून तांदूळ कुठला ते विचारलं, आणि म्हणाली, "ठेव आत."

त्याने गोण स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. तो वळला तेव्हा ती दारातच उभी होती.

"आता आणखी एक मागते," ती म्हणाली. "हमझाकडं नाय. तुझ्याकडं. जाऊ नको."

फैझानने हात झटकले. "अम्मी, आणि धंदा नाय चालला तर?"

"नाय चालला तर नाय चालला. तांदूळ हायेत."

एप्रिल संपला तेव्हा त्याचा व्हिसा बाद झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याला लागली की नाही ते विचारायचा धीर मला झाला नाही. उरल्यासुरल्या पैशांतून त्याने मे महिन्यात पुन्हा जाहिरात दिली. मजकूर या वेळी दोनच ओळींचा होता. "रजेवर घरी आला आहात? शेजारी बसलेली आई काही मागणार नाही, तेव्हा विचारत बसू नका. दारात डॉट कॉम."

हमझाही तेव्हा रजेवर आला होता. जाहिरात पहिल्यांदा लागली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. फैझान रेडिओला कान लावून, पायाचा अंगठा जमिनीला टेकवून बसला होता. जाहिरात संपली. हमझा आईकडे वळून म्हणाला, "खरंच अम्मी, तू कधीच काय मागत नायस."

रझियाखालाने त्याच्यापुढे चहा सरकवला. "माझं मागून झालं," ती म्हणाली, आणि फैझानचा कप भरायला घेतला.